तिखट खाल्ल्याने पोटात अल्सर होतो का?

तुम्ही लिहिलंय की बेंबीच्या वर सारखं दुखतंय, डॉक्टरांनी अल्सरची (म्हणजे आतल्या अस्तराला झालेल्या जखमेची) शंका घेऊन एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून करायची तपासणी, सांगितलीय आणि घरचे सगळे तुमच्या ठेच्याच्या मागे लागलेत. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हा वाद काउंटरवर नेहमी कानावर पडतो. मिरचीने अल्सर होत नाही. आधीच झालेल्या जखमेवर ती झोंबते, तेव्हा दुखतंय तोवर जरा हात आखडता घ्या. पण आळ तिच्यावर नको.

जठरातलं आम्ल जहाल असतं. त्यापासून जठराचं अस्तर वाचतं ते वरच्या चिकट थरामुळे. तो थर बिघडवणारे मुख्यतः दोघे.

एक म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लाचा जोर मारतो आणि त्या थरातच ठाण मांडतो. एवढ्या आम्लात जंतू टिकेलच कसा, असं पूर्वी डॉक्टर मंडळीही म्हणत. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे रॉबिन वॉरन यांना हे पिळदार जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते, पण प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या बशीत ते काही केल्या वाढेनात. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू वाढले! तरी लोकांना पटेना, म्हणून त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये ते जंतू स्वतःच पिऊन टाकले. थोड्याच दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, आणि दुर्बिणीतून पाहिलं तर जठराला सूज. (सूजच, अल्सर नव्हे, ही गोष्ट सांगताना लोक तिखटमीठ लावतात.) २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

दुसरा गुन्हेगार मी रोज विकतो: दुखण्यावरच्या गोळ्या. पोती उचलणारे एक काका येतात. हातावरचं पोट, गुडघे गेलेले, सुट्टी परवडत नाही. "त्या गुडघ्याच्या दे, आणि सोबत पित्ताची पण." चिठ्ठी मागितली की चिडतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं ज्या रसायनाला अडवून दुखणं कमी करतात, त्याच रसायनावर जठराचा तो थर टिकून असतो. "मी जेवूनच घेतो की" हे काकांचं ठरलेलं उत्तर. पण हा परिणाम रक्तातूनही होतो, त्यामुळे भरल्या पोटी घेतली म्हणून सुटका नाही. इंजेक्शननेही तेच होतं. तुम्ही अशी काही गोळी घेत असाल तर डॉक्टरांना नावासकट सांगा. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

एंडोस्कोपीच्या नावानेच पोटात गोळा येतो, पण तपासणी काही मिनिटांची असते, घशाला बधिर करणारा फवारा मारतात. एक गोष्ट आधीच विचारून ठेवा. पॅन्टोप्राझोलसारखी पित्ताची गोळी चालू असेल तर पायलोरीची तपासणी चुकीची 'निगेटिव्ह' येऊ शकते, म्हणून साधारण दोन आठवडे आधी ती थांबवायला सांगतात. नुकतीच अँटिबायोटिक्स झाली असतील तर तेही सांगा. जंतू सापडला तर किमान दोन अँटिबायोटिक्स आणि पित्ताची गोळी असा बहुधा चौदा दिवसांचा कोर्स असतो. बरं वाटलं की लोक मध्येच सोडतात आणि मग तोच जंतू औषधांना दाद देईनासा होतो.

आणि शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं झालं किंवा उलटीत रक्त अथवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर एंडोस्कोपीच्या तारखेची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, पण ते आहे की रक्तस्राव, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.