वॉर्सॉचं जुनं शहर 'डुप्लिकेट' म्हणून सोडू नका

तुम्ही विचारलंय की प्राग आणि क्राकोव नक्की आहे, हातात दोन दिवस जास्तीचे आहेत, पण पोलंडच्या राजधानीचं, वॉर्सॉचं, जुनं शहर दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलंय म्हणजे डुप्लिकेटच, मग तिथे वेळ घालवायचा का. घालवाच. मीही आधी हेच म्हणायचो, पहिल्या ट्रिपला वॉर्सॉत फक्त ट्रेन बदलली, त्याची हळहळ अजून आहे.

मुळात ओरिजिनल कशाला म्हणायचं? इस्तंबूलला आया सोफियात (जुनं चर्च, आता मशीद) मान वर करून बघताना आपल्या डोक्यात ५३७ साल असतं, पण तो पहिला घुमट ५५८ मधे कोसळला, नंतर जास्त उंच करून परत बांधला आणि त्याचेही काही भाग पुढे दहाव्या आणि चौदाव्या शतकात पडले, ते पुन्हा उभे केले. क्योटोचं किंकाकुजी (सोनेरी मंदिर) १९५० मधे जळालं, आज दिसतं ते १९५५ चं. तिथून कोणी तोंड फिरवून परत येत नाही ना?

वॉर्सॉचं दुखणं तर याहून मोठं. १९४४ मधे पोलिश लोकांनी जर्मनांविरुद्ध केलेल्या उठावानंतर जर्मनांनी शहर ठरवून पाडलं, जुन्या भागाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग गेला. मग लोकांनी ते उभं केलं कशाच्या आधारावर, तर बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने (तिकडे त्याला कानालेत्तोच म्हणतात) अठराव्या शतकात राजासाठी काढलेली शहराची चित्रं, आणि तिथल्या पॉलिटेक्निकच्या (इंजिनिअरिंग कॉलेजच्या) लोकांनी जुन्या इमारतींची मापं घेऊन केलेली ड्रॉइंग्ज, जी युद्धात लपवून जपली होती. विटा ढिगाऱ्यातल्या, कमी पडल्या तेव्हा दुसऱ्या शहरांतून आणलेल्या. १९८० मधे युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते या पुन्हा उभं करण्यासाठीच.

आधी राजवाड्यात जा (तोही १९७१ ते १९८४ मधे परत बांधलेला), बेलोत्तोची मूळ चित्रं तिथेच आहेत, निदान एक तास द्या. मग क्राकोव्स्किए प्शेद्मिएश्चे रस्त्याने चाला, तिथे त्या चित्रांच्या प्रती त्या त्या जागी लावल्यात. मी एका प्रतीसमोर अर्धा तास उभा होतो, एकदा चित्रात बघायचं, एकदा समोर, चर्चचा दर्शनी भाग जुळतोय, खिडक्यांच्या ओळी जुळतायत, आणि मधे कधीतरी लक्षात आलं की चित्र आधीचं आणि इमारत त्यावरून, मग माझा गळाच दाटून आला.

जुन्या शहराचा चौक सकाळी लवकर बघा, नंतर गर्दी होते.

आणि राजवाड्यासमोरचा राजा झिग्मुंटचा उंच स्तंभ. पुतळ्याखालचा खांब नवीन आहे, १९४९ चा. जुने तुटलेले खांब राजवाड्याच्या बाजूला उघड्यावर आडवे ठेवलेत, बहुतेक ग्रुप स्तंभाचा फोटो काढून पुढे निघून जातात. तुम्ही तिथे थांबा, जवळ जाऊन त्या फुटलेल्या कडा बघा.