जुन्या टार्गेट (नेमबाजीच्या) रिव्हॉल्वरची पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मूळची की मागाहून बसवलेली, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: डिचोलीच्या जुन्या घरात आजोबांच्या पेटाऱ्यात लांब नळीचं, मधे मोडून उघडणारं सहाबारी रिव्हॉल्वर मिळालं. नळीच्या टोकाला बारीक काडीवर मणी ठेवावा तशी माशी आहे. ती कुठल्या प्रकारची, आणि मूळची की कुणी मागाहून बसवलेली?

माशीकडे येतो, पण त्याआधी परवान्याचं बघा. आजोबांचा पोर्तुगीज काळातला कागद असला तरी आज तो चालत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात जुन्यापुराण्या हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारांना. तुमचं कुठल्या खात्यात बसतं हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नसतं. पोलीस ठाण्यात कळवा, लेखी पोच घ्या. आणि तोवर त्याला हात लावू नका, तेल तर मुळीच नको. आपल्याकडे सगळ्याला खोबरेल चोळायची सवय. पावसाळ्यात त्यावर धूळ बसून जो चिकट थर होतो, तो काढताना मूळचा काळा रंगही निघून येतो.

आता माशी. मडगावात परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात मी 26 वर्षं काढली. येणारा प्रत्येक जण आधी मणी बघायचा. मी सांगायचो, मणी सोडा, बूड बघा. वरचा आकार नेमबाजाच्या आवडीवर असतो आणि तो केव्हाही बदलता येतो. माशी नळीला कशी धरली आहे, ते मात्र कारखान्याचं काम.

पोलिसांकडची बाब आटोपली की भिंग घ्या आणि आडवा उजेड टाका. नळी आणि माशी एकाच लोखंडातून काढली असेल तर सांधा दिसणारच नाही. तसं रिव्हॉल्वर साधारणपणे पोलीस-लष्कराच्या वापराचं. स्मिथ अँड वेसनची 1899 नंतरची बाजूला सिलिंडर उघडणारी साधी मॉडेलं अशीच, अर्ध्या चंद्रासारखी माशी नळीतूनच घडवलेली. त्याच कारखान्याच्या टार्गेट मॉडेलमध्ये नळीवर छोटा उंचवटा, त्याला चीर, चिरेत पातं आणि आडवी पिन. म्हणजे पातं बदलायची सोय कारखान्यानंच ठेवलेली. कोल्टच्या जुन्या सिंगल ॲक्शनमध्ये (दर गोळीला घोडा अंगठ्यानं ओढावा लागणारं रिव्हॉल्वर) साधं पातं पितळी डाग देऊन पक्कं केलेलं, तर टार्गेट मॉडेलमध्ये तेही सुटं. वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या 1915 च्या मार्क सिक्सला मात्र लष्करी असूनही पातं सुटंच, स्क्रूवर. त्यामुळे सुटं पातं दिसलं की लगेच टार्गेट म्हणून नाचू नका.

पिनेची दोन्ही टोकं बघा. कारखान्याची पिन पृष्ठभागाशी इतकी सपाट असते की नख फिरवलं तर अडत नाही, आणि तिचा काळा रंग भोवतालच्या रंगाशी जुळतो. मागाहून घातलेली पिन एका बाजूला किंचित वर असते, भोवती पिन ठोकायच्या पंचाचे ओरखडे. इतकं दिसलं तरी आख्खं रिव्हॉल्वर खोटं ठरत नाही, पातं काढलं होतं एवढंच कळतं.

तुमच्या वर्णनातली काडीवरची मणीवाली माशी म्हणजे पेन. हे माणसाचं नाव: आयरा पेन, अमेरिकन नेमबाज, 1880 च्या दशकात युरोपभर रंगमंचावर नेमबाजीचे खेळ करायचा. गंमत म्हणजे त्याच्या नावामागचं ‘शेव्हलिए’ हे बिरुद पोर्तुगालच्या राजाचं. आपल्या पाखल्यांच्या राजानं दिलेला मान असलेल्या माणसाची माशी डिचोलीच्या पेटाऱ्यात निघाली, म्हणून काही नातं जोडू नका. त्या काळी ही माशी सगळीकडे होती.

पेनच्या मण्याला मागे गोलसर, यू आकाराची खाच लागते, मणी त्या वाटीत बसतो. 1890 च्या दशकात ई. ई. पॅट्रिज यांनी उलटा विचार केला: पुढे सपाट माथ्याचं जाड पातं, मागे चौकोनी खाच, दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट. आजच्या टार्गेट पिस्तुलांची माशी त्याचीच वंशज. (नाव पॅट्रिज आहे, पार्ट्रिज नव्हे; इंग्रजीत पार्ट्रिज म्हणजे तीतर, त्याचा इथे काही संबंध नाही.) पॅट्रिजच्या पात्याच्या पाठीत सोन्याचा गोल ठिपका बसवला तर ती ‘कॉल’ नावाची माशी. ठिपका सोन्याचा की पितळेचा हे गोव्याच्या हवेत आपोआप कळतं, पितळ काळं पडतं.

म्हणून मागची खाच बघा. पुढे मणी, मागे यू, तर जोडी एकत्र आली असण्याची शक्यता चांगली. पुढे मणी आणि मागे चौकोनी खाच, तर दोघांपैकी एक पाहुणा आहे.

मणी पांढरा असेल तर हस्तिदंत असू शकतो, लायमन कंपनी तसे करायची. तो विकायचा विचार मनात आणू नका, भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे.

माझी एक चूक सांगतो. एकानं असंच लांब नळीचं टार्गेट रिव्हॉल्वर आणलं, परवाना वगैरे सगळं होतं. म्हणे वीस मीटरवर गोळी हातभर खाली लागते. माशी उंच तर गोळी खाली, हा साधा हिशेब. माशी आणि खाच यांत वीस सेंटिमीटर अंतर असेल तर माशीचा एक मिलिमीटर वीस मीटरवर दहा सेंटिमीटर होतो. मी कानस घेतली आणि दीड मिलिमीटर उतरवलं. मग लक्षात आलं, मागची खाच स्क्रूवर होती आणि कुणीतरी ती पार खाली बसवून ठेवली होती. ती वर घेतली असती तर बरंच भागलं असतं. शंभर वर्षांचं पातं मी बुटकं करून ठेवलं. मालक भला माणूस, काही बोलला नाही, चहा पिऊन गेला. पुन्हा आला नाही.

तेव्हा तुमच्या माशीच्या माथ्यावरही भिंग धरा. घासलेल्या लोखंडाची चमक वेगळी असते, कडा तीक्ष्ण, रेघा एकाच दिशेनं. नेमबाज चमक घालवायला माशीवर कापराची काजळी धरत, ती कोपऱ्यात अजून सापडते. पुसू नका, पुरावा आहे.

कारखाना कुठला हे माशीवरून नाही, शिक्क्यांवरून. नळीच्या माथ्यावर स्प्रिंगफील्डचा पत्ता आणि पेटंटच्या तारखा असतील तर स्मिथ अँड वेसन. त्यांचं न्यू मॉडेल नंबर थ्री टार्गेट 1887 पासूनचं, साडेसहा इंची नळीचं. लंबगोलात ई, एल, जी ही रोमन अक्षरं आणि खाली तारा असेल तर बेल्जियमच्या लिएजची तपासणी झालेली आहे. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर 1893 नंतरची. लिएज आणि स्पेनमधल्या ऐबारला अमेरिकन रिव्हॉल्वरांच्या नकला पोत्यांनी झाल्या, आणि नकलेवरही कुणी मोठ्या हौसेनं पेनची माशी बसवून घेतलेली मी पाहिली आहे.

पोलिसांकडची बाब आटोपली की तीन फोटो टाका: पात्याची बाजू मिलिमीटरच्या पट्टीसह, नेम धरताना दिसतो तसा मागून, आणि नळीच्या माथ्यावरची अक्षरं. बुडाची पिन पहिल्या फोटोत स्पष्ट दिसू द्या, मण्याचा क्लोज-अप नसला तरी चालेल.