एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाताना नामचे बाजारला जास्तीचा दिवस थांबायलाच हवं का? शेर्पा गावांत काय पाळावं?

हो, थांबाच. शरीराला उंचीवरच्या विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. नामचे ३,४४० मीटरवर आहे आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. पण खोलीत पडून राहू नका. सकाळी वरच्या खुमजुंग गावापर्यंत (३,७९० मीटर) सावकाश चढा, झोपायला परत नामचेलाच या. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही. चालताना तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

मणी-भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) कायम उजव्या हाताला ठेवून पुढे जा. याक आले की डोंगराच्या बाजूला सरका. दरीकडे उभं राहिलात आणि ओझ्याचा धक्का लागला, तर सरळ खाली. जिथे झोपाल तिथेच जेवा, कारण खोलीचं भाडं नाममात्र असतं, लॉज चालतो जेवणावर. आणि चुलीत कचरा टाकू नका, तिथला अग्नी पवित्र मानतात.