कमळपक्षी आणि कमळ, सुरुवात कशी करावी

भाऊ, पक्षी आणि झाड दोन्ही शिकायचंय म्हणतोस ना, मग कमळपक्षी आणि कमळ एकत्रच बघ, बेस्ट आयडिया आहे. नागपुरातलं गोरेवाडा, अंबाझरी नाहीतर जवळचं कोणतंही पानांचं तळं धर, सकाळी लवकर जा आणि एका जागी शांत बसून राहा.

आधी पान ओळख, कारण सगळे इथंच चुकतात. कमळाचं पान गोल, कुठंच चीर नाही, मोठी पानं पाण्याच्या वर उभी, थेंब टाकला की घरंगळतो. कुमुदिनीच्या (वॉटर लिलीच्या) पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर तरंगतं.

मग पक्षी, म्हणजे कमळपक्षी (इंग्रजीत जकाना). त्याची बोटं बघ, खूपच लांब, वजन पसरतं म्हणून तो पानावरून चालतो बुडत नाही, आणि कमळाच्या देठातही हवेच्या नळ्या असतात, म्हणजे पाण्यात राहायचा प्रश्न एकच पण उत्तरं दोन! मला तर हे अजूनही भारी वाटतं. अंडी नर उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो.

नवीन लोकांच्या चुका:
- पहिल्याच महिन्यात महाग कॅमेरा. साधी ८×४२ दुर्बीण (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) आणि वही पुरे.
- हिवाळ्यात लांब शेपटी शोधणं. ती विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात असते.
- फोटोसाठी घरट्याजवळ जाणं. हे अजिबात नको, अंडी उघड्यावरच असतात.

शास्त्रीय नावं, पोटजाती वगैरे नंतर बघू. या रविवारी फक्त पान आणि बोटांचं चित्र काढून आण वहीत, वाकडं आलं तरी चालेल.