उन्हाळ्यात गाईच्या दुधाची फॅट का उतरते?

प्रश्न: आमची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, परदेशी जातीची) गाय, गाव कागलजवळ. एप्रिलपासनं फॅट ३.८ वरनं ३.२ वर आलीय, पेंड वाढवली तरी उतरतीच हाय. काय करू?

उत्तर: ताई, पेंड वाढवली तिथंच घोळ झाला बघा. उन्हात गाय वैरण कमी खाती, त्यात वरनं पेंड जास्त झाली की पोटात आम्ल वाढतं, आणि दुधातली फॅट बनायला लागणारं ॲसिटेट तर वैरणीच्या तंतूपासनंच तयार होतं, मग ती येणार कुठनं? पेंड थोडी थोडी करून कमी करा, कडबा वाढवा, कुट्टी (कापलेली वैरण) भुग्यासारखी बारीक नको, बोटाच्या पेराएवढी ठेवा. मुख्य वैरण पहाटे आणि रात्री टाका, पाणी दिवसभर समोर पाहिजे. दुपारी गाय बसली की तोंडाकडं बघा, एका घासाला ५०-६० वेळा चावत असंल तर रवंथ चांगलाय. आणि एक विचारतो, शेवटच्या धारा वासराला सोडता का? सगळ्यात जास्त फॅट त्यातच असती, वासराला आधीच्या धारा पाजा की. एवढं करूनबी पंधरा दिवसात फरक नाही पडला तर डॉक्टरांना कास दाखवा.