८०२.११ बी, जी, एन ही जुनी वायफाय स्टँडर्ड्स आता कुठे वापरतात? राउटरमधून 'बी' बंद करावं का?

बंद करा. कुठे वापरतात ते पुढे येईलच, पण हे आधी ठासून सांगतो, कारण याच 'बी'वरून एका सीनियरशी माझं जोरदार वाजलं होतं.

गोदामाचं नेटवर्क माझ्याकडे होतं. लॅपटॉप सगळे 'जी'वर, म्हणजे कागदावर ५४ एमबीपीएस. मालाची नोंद करणारे हातातले बारकोड स्कॅनर मात्र फक्त 'बी'वाले, जास्तीत जास्त ११. स्कॅनिंग जोरात सुरू झालं की सगळ्यांचं नेट रडायला लागायचं. मी म्हटलं, स्कॅनरमुळे होतंय. सीनियर म्हणाले, "अरे, बारकोड म्हणजे तेरा आकडे. तेवढ्याने नेटवर्क बसतं का?" आणि त्यांनी नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटचं (वायफायचा सिग्नल देणाऱ्या डब्याचं) कोटेशन मागवलं.

प्रश्न आकड्यांचा नव्हताच, वेळेचा होता. एका चॅनलवर, म्हणजे वायफायच्या एका ठरलेल्या पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. १५०० बाइटची फ्रेम (डेटाचं एक पाकीट) ५४च्या वेगाने पाव मिलिसेकंदात जाते, १ एमबीपीएसने तिलाच १२ मिलिसेकंद लागतात. रॅकच्या पार मागे गेलेला स्कॅनर सिग्नल कमी पडला की १ एमबीपीएसवरच उतरतो. त्यात 'जी'चं ओएफडीएम, म्हणजे डेटा पाठवायची त्याची नवी पद्धत, 'बी'ला कळतच नाही, त्याच्या लेखी तो नुसता गोंगाट. म्हणून एक जरी 'बी'वालं यंत्र जोडलेलं असलं, तरी 'जी'वाल्यांना डेटा पाठवण्याआधी जुन्या पद्धतीत "थांबा, आता माझी पाळी" असं सांगावं लागतं. स्कॅनर टेबलावर गप पडून असला तरीही!

जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्या स्कॅनरच्या बॅटऱ्या काढल्या, थोडं थांबलो आणि एक मोठी फाइल कॉपीला लावली. सरसर गेली. बॅटऱ्या परत घातल्या, तीच फाइल रांगायला लागली. सीनियर म्हणाले, योगायोग. नवा अ‍ॅक्सेस पॉइंट आला, त्यावर 'बी' चालूच ठेवलं, रड तीच. शेवटी जुना अ‍ॅक्सेस पॉइंट चॅनल ११ वर फक्त स्कॅनरसाठी ठेवला, १ आणि ६ चॅनलवरच्या बाकीच्या अ‍ॅक्सेस पॉइंटांवर 'बी' बंद केलं आणि तक्रारी थांबल्या. हे मी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं. त्यामुळे नेट हळू झालं की "नवा राउटर घ्या" म्हणणाऱ्याला आधी विचारा, जुनं कोणतं यंत्र जोडलेलं आहे ते पाहिलंत का?

आता तुमचा प्रश्न. 'बी' १९९९चं, जुने स्कॅनर आणि प्रिंटर यांच्यापुरतंच उरलंय. 'ए' त्याच वर्षीचं, पण ५ गिगाहर्ट्झवर, भिंतींपुढे कमी पडायचं, ऑफिसांत जास्त चाललं. 'जी' २००३चं, 'एन' २००९चं. २.४ गिगाहर्ट्झवरचं 'एन' अजून नीट कामात आहे. स्मार्ट प्लग, बल्ब यांना वेग नको असतो, पोच हवी असते.

हां, 'बी' बंद करण्याआधी राउटरमधली जोडलेल्या यंत्रांची यादी बघा, नाहीतर एखादा जुना प्रिंटर गायब व्हायचा. त्याच चॅनलवर शेजाऱ्याचं 'बी' चालू असेल तर त्याचा थोडा त्रास राहणारच. आणि फक्त डब्ल्यूईपी (वायफायची जुनी, कमकुवत सुरक्षा पद्धत) कळणारं यंत्र असेल, तर त्याच्यासाठी मुख्य नेटवर्कची सुरक्षा खाली आणू नका. त्याला वेगळं ठेवा किंवा काढून टाका.