विधेयक वाचायला बसताना

विधिमंडळाचं कामकाज समजून घ्यायचंय ना? मग भाषणं नंतर ऐका, आधी एक विधेयक हातात घ्या. सुरुवात शेवटच्या पानांपासून करा. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ तिथे असतं आणि सरकारला काय हवंय ते त्यात साध्या भाषेत सापडतं. मग वित्तीय ज्ञापन, म्हणजे विधेयकामुळे होणाऱ्या खर्चाची टीप, पाहा. राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, खर्च होणार असेल, तर राज्यपालांच्या शिफारशीशिवाय विधेयक संमत होत नाही. आमदारांची अशासकीय विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली, अनेकदा इथेच अडकतात.

बहुतेक विधेयकं सुधारणेची असतात. ‘कलम अमुकमध्ये या मजकुराऐवजी तो मजकूर’ एवढंच लिहिलेलं. मूळ अधिनियम शेजारी उघडा नसेल तर काहीही कळणार नाही, उगाच डोकं धराल.

सभागृहात खरी संधी खंडशः विचाराच्या वेळी, म्हणजे एकेका कलमावर चर्चा होते तेव्हा. दुरुस्ती सुचवायची तर लेखी आणि मुदतीत. विधानसभेच्या 288 सदस्यांत गणपूर्तीला, म्हणजे कामकाजासाठी लागणाऱ्या किमान हजेरीला, 29 पुरतात, म्हणून बाकं रिकामी दिसली तरी कायदे होतात.

विधान परिषद साधं विधेयक आधी तीन महिने, दुसऱ्यांदा एक महिना रोखू शकते. धन विधेयक, म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं, फक्त 14 दिवस.

आणि संमत म्हणजे कायदा, असं समजू नका. महिला आणि बालकांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देण्यासाठीचं महाराष्ट्राचं ‘शक्ती’ विधेयक 2020 मध्ये मांडलं गेलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडून फिरून डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झालं, पण राष्ट्रपतींच्या संमतीअभावी लागू झालं नाही. संमती मिळाली तरी अंमलाची तारीख राजपत्रात तपासा.